वकिलातीचं मराठी

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आमच्या घरी मुलाविषयी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जायची. मुलगा औरंगाबादच्या सुभेदारीत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करतो. सुभेदाराच्या कचेरीतला कारभार सगळा उर्दूत चाले आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांची तोंडं मराठीत उघडत. त्यामुळं इकडचं तिकडं करणारी माणसं तिथं लागत. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पाचोडपासून कोसभरावरच्या गावात शेती करून राहिलेले. मोडी त्यांना चांगली येत होती, उर्दूचं अक्षर नाही. सरकारी कागद आला की पाचोडच्या बाजारात कुणाला तरी गाठायचं, आणि तो जे वाचून दाखवील ते खरं मानायचं. एकदा अशा वाचणाऱ्यानं त्यांना चांगलंच फसवलं होतं. म्हणून दोन्ही वाचता येणारा जावई मिळतोय, याचा त्यांना फार आनंद होता.

लग्नानंतर हे पहिल्यांदा आमच्या गावी आले तेव्हा आबांनी पेटीतले सगळे जुने कागद यांच्यापुढं आणून ठेवले. हे दिवसभर ओसरीवर बसून वाचत होते. जिथं अक्षर लागलं नाही तिथं लागलं नाही म्हणाले, मनचं काही सांगितलं नाही. दिवेलागणीला आबा मला म्हणाले, "तुझा नवरा कागदात नाय ते वाचत नाय. हे लई मोठं हाय."

यांना इतिहासाचा नाद होता. आम्ही पाणचक्कीकडं फिरायला गेलो की परतीच्या वाटेवर हे सांगत, हे शहर एकेकाळी दख्खनची राजधानी होतं, इथं दुसऱ्या दरबारांचे वकील राहायचे. त्या काळचा वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. धन्यानं परक्या राजधानीत ठेवलेला माणूस. त्यानं तिथं घर करून राहायचं, बाजारात काय बोललं जातं, कोण कुणाच्या भेटीला गेलं, कुणाची फौज हलली, हे सगळं धन्याला लिहून कळवायचं, आणि धन्याचा निरोप आला की तो जशाचा तसा दरबारात सांगायचा. निरोप कडू असला तरी गोड करायचा नाही. मला तेव्हा या गोष्टींत फारसा रस नव्हता. यांचा आवाज चांगला होता म्हणून मी ऐकत राहायची.

पुढं इंग्रज गेले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, पण आमची मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, त्यात गेली नाही. निजाम सरकारनं दिल्लीच्या सरकारशी जैसे थे करार केला. त्यानुसार हिंदुस्थानचा एक एजंट जनरल हैदराबादला येऊन राहिला आणि हैदराबादचा एक दिल्लीला गेला. दिल्लीच्या त्या कचेरीला कुणी एजन्सी म्हणत. मराठी पेपरवाले मात्र वकिलात म्हणायचे, आणि यांनाही तोच शब्द आवडायचा. तिथं इंग्रजी आणि उर्दू जाणणारे पुष्कळ होते, मराठी वाचणारा कुणी नव्हता. पुण्यामुंबईचे पेपर रोज मोगलाईविषयी काही ना काही छापत होते आणि वकिलातीला ते कळायला हवं होतं. हैदराबादहून औरंगाबादला विचारणा झाली आणि सुभेदारीनं यांचं नाव पाठवलं.

आमच्या ओळखीतले काहीजण तेव्हा चळवळीत होते, दोघेतिघे तुरुंगात होते. अशा वेळी निजामाची वकिली करायला दिल्लीला जायचं का, यावरून सासरी बरंच बोलणं झालं. हे कुठल्याच बाजूचे नव्हते. नोकरी होती आणि काम येत होतं, एवढंच. शेवटी आबांना बोलावून घेतलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि यांना म्हणाले, "जा जावईबापू. तिथं आपलं एक माणूस असलं, तर आपलं कुणीतरी ऐकंल तरी."

आम्ही निघालो. मनमाडला गाडी बदलायची होती. तिथं आमच्या वळकट्या सोडून पाहिल्या. औरंगाबाद ते मनमाड हा रस्ता मी आधीही केला होता, पण तिथं आपल्याला परदेशातून आल्यासारखं उभं करतील, असं वाटलं नव्हतं. तपासणारा शिपाई मराठीच होता. माझ्या पिठाच्या डब्यात हात घालताना त्याचा त्यालाच संकोच वाटला असावा. म्हणाला, ज्वारीच दिसतेय, जा.

वकिलातीची कोठी मोठी होती. पूर्वी संस्थानातली बडी मंडळी दिल्लीला आली की तिथं उतरायची. पुढं हिरवळ, मधे दिवाणखाना, वरच्या मजल्यावर कचेरी आणि मागं नोकरलोकांच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत आमचा संसार होता. कोठीवर आमच्या सरकारचा पिवळा झेंडा असायचा. दिल्ली तेव्हा पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी भरून गेली होती. आम्हाला दूध घालणारा त्यांच्यातलाच. तुम्ही कुठले, असं त्यानं मला विचारलं. औरंगाबादची म्हटल्यावर त्यानं विचार केला आणि ते इकडं राहिलं की तिकडं गेलं, असं विचारलं. अजून ठरायचंय, असं यांनी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

यांचं टेबल वर एका खिडकीशी होतं. सगळे त्याला मराठी टेबल म्हणत. टपालानं पेपर येत, दोनतीन दिवसांचे शिळे. हे वाचून खुणा करत आणि मग त्याचा उर्दू सारांश सेक्रेटरीसाहेबांकडं जाई. पेपर फार झाले की हे गठ्ठा खोलीवर आणायचे. मी वाचून कुठं काय आहे ते सांगायची, कात्रीनं कापायची. हे माझं काम म्हणून कुठं लागलेलं नव्हतं, पण मला ते आवडायचं. घरच्या गोष्टी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकाव्यात तसं व्हायचं. जालना रोडवर, करमाडजवळ गाडी अडवली. पैठणला जमावबंदी. कधी आपल्या माहितीची गावं इतक्या चुकीच्या पद्धतीनं लिहिलेली असायची की आम्ही हसायचो.

सेक्रेटरीसाहेब औरंगाबादचेच, शहागंजकडच्या जुन्या मुसलमान घराण्यातले. मला भाभी म्हणत. बोलताना अर्धं दखनी, अर्धं मराठी. त्यांच्याकडून मला वकिलातीचं काम कळत गेलं. कुणाचा मुलगा दिल्लीला शिकत होता आणि त्याची शिष्यवृत्ती आली नव्हती. कुणा व्यापाऱ्याचा माल वाटेत अडकला होता. कुणी यात्रेला निघालेला म्हातारा हरवला होता. ही सगळी माणसं खालच्या दिवाणखान्यात येऊन बसायची. साहेब प्रत्येकाचं ऐकायचे आणि दिल्लीच्या सरकारला पत्र लिहायचे. पत्राचं उत्तर यायचं, त्याला उत्तर जायचं. एकदा मी विचारलं, यातनं कुणाचं काम होतं का. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "भाभी, अपने पास कान हैं, जबान है. हाथ नहीं हैं."

सुरुवातीला हिरवळीवर चहापानाला लोक यायचे. इतर देशांच्या वकिलातींतले, इथल्या खात्यांतले. मागच्या दारातून आम्ही बायका बघत राहायचो. जसजशी बोलणी फिसकटत गेली तसे लोक कमी झाले. उन्हाळ्यात एका संध्याकाळी मांडलेल्या खुर्च्यांतल्या निम्म्याही भरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खानसाम्यानं उरलेली मिठाई मागच्या खोल्यांतून वाटली आणि त्यानंतर पुन्हा चहापान झालं नाही.

त्याच सुमारास एके दिवशी हे भर दुपारी खोलीवर आले. एरवी दुपारी कधी येत नसत. हातात पुण्याचा एक पेपर होता. माझ्यापुढं धरून एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तुमचंच गाव का, की त्या नावाचं दुसरं कुठलं?

मी वाचलं. हत्यारबंद माणसं सकाळच्या वेळी गावात शिरली होती. कडब्याच्या गंजी पेटवल्या होत्या, खालच्या आळीतली घरं जळाली होती. विहिरीजवळ एक सालदार मारला गेला होता. गावचे बरेच लोक गोदावरी उतरून पलीकडं, इंग्रजी हद्दीत, शेवगावला गेले होते. आता ती हद्द इंग्रजी राहिली नव्हती, पण आमच्या तोंडी तोच शब्द होता. गावातल्या एका वृद्ध शेतकऱ्यानं ही हकिकत सांगितली, असं खाली होतं. नाव नव्हतं. ओढ्याकाठच्या मारुतीच्या देवळाचा उल्लेख होता. मी म्हटलं, आमचंच.

विहिरीजवळचा सालदार म्हणजे ज्यानं मला खांद्यावर बसवून पाचोडच्या बाजारात नेलं तोच असणार, कारण आमच्याखेरीज गावात कुणाकडं सालदार नव्हता. पण ते मी तेव्हा बोलले नाही. यांनी मला पाणी दिलं, थोडा वेळ बसले, मग वर गेले.

त्या दिवशी यांनी सारांश केला नाही. सगळी बातमी शब्द न् शब्द उर्दूत उतरवली आणि स्वतः साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी उभ्यानं वाचली. हे कुणाचं गाव आहे हे यांनी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. त्याच दिवशी हैदराबादला तार गेली की या गावाविषयी ताबडतोब कळवावं. संध्याकाळी साहेब मागच्या अंगणात आले. माझ्या माहेरी कोणकोण असतं, पलीकडं नातेवाईक कुठं आहेत, सगळं विचारून घेतलं. आम्ही सासरी तार केली. त्यांना काही माहीत नव्हतं, पाचोडकडची वाहतूक बंद होती. शेवगावला आबांच्या ओळखीचे एकजण होते, पण त्यांचं नुसतं आडनाव मला ठाऊक होतं. आपण ज्या घरात राहतो तिथं सगळ्या मुलखाची खबर येते, आणि माझे आईबाप जिवंत आहेत की नाही एवढं मला कळत नव्हतं. मी रोज पेपर वाचायची. त्या गावाचं नाव पुन्हा आलं नाही.

साहेबांनी आणखी एक तार केली. मग उत्तर आलं. जिल्ह्याकडून अशा घटनेची इत्तला आलेली नाही.

मधल्या काळात ती बातमी इंग्रजी पेपरांतही गेली होती आणि दिल्लीचं सरकार वकिलातीला विचारत होतं. काहीतरी सांगणं भाग होतं. साहेबांनी उर्दूत चार ओळींचा मजकूर केला आणि मराठी पेपरांसाठी त्याचं मराठी करायला यांच्याकडं दिला. असा प्रकार घडल्याची इत्तला सरकारकडं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे कागद घेऊन परत साहेबांकडं गेले. तिथं काय झालं ते यांनी त्याच संध्याकाळी मला सांगितलं.

हे म्हणाले, "साहेब, ते माझ्या सासऱ्यांचं गाव आहे."

साहेब म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणून तर झालं नाही, असं मी लिहिलेलं नाही. आपल्याला कळवलं नाही, एवढंच लिहिलंय. ते खरं आहे."

यांनी विनंती केली की निदान चौकशी चालू आहे, हे त्यात घालावं. साहेबांनी विचार केला आणि आपल्या हातानं ते वाक्य घातलं. हैदराबादला तिसरी तार केली की चौकशी करावी, आम्ही तसं जाहीर करत आहोत. त्या माणसाला याहून जास्त काही करता आलं असतं, असं मला आजही वाटत नाही.

मग हे मराठी करायला बसले. इत्तला हा शब्द आमच्याकडं खेड्यातल्या बाईलाही कळतो. इत्तला नाही म्हणजे वर्दी आली नाही. पण पुण्याचा वाचक अडखळेल म्हणून यांनी माहिती नाही, असं केलं. मला वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. मी बरोबर आहे म्हटलं. बरोबरच होतं.

पेपर आला तेव्हा मजकूर आतल्या पानावर होता. मथळ्यात म्हटलं होतं, तसं काही घडलंच नसल्याचा वकिलातीचा खुलासा. खाली यांचं पहिलं वाक्य. चौकशीचं वाक्य जागेअभावी म्हणा, कशानं म्हणा, गेलं होतं. यांनी साहेबांच्या परवानगीनं दुरुस्ती पाठवली. ती छापून आलेली आम्ही पाहिली नाही. पाठोपाठ दुसऱ्या गावांच्या बातम्या आल्या, बोलणी कायमची मोडली, आणि त्या चार ओळींकडं बघायला कुणाला सवड राहिली नाही.

सप्टेंबरात फौजा मोगलाईत शिरल्या. कोठीच्या फाटकावर पोलीस बसले आणि आम्हाला बाहेर जाऊ नका म्हणून सांगितलं. सगळे दिवाणखान्यातल्या रेडिओपुढं बसून असायचे. साहेबलोक खुर्च्यांवर, आम्ही मागच्या खोल्यांतले भिंतीला टेकून. जेवण एकत्रच व्हायचं. हैदराबादनं शरणागती पत्करल्याचं ऐकलं तेव्हा कुणीतरी उठून रेडिओ बंद केला. झेंडा कुणी उतरवला ते मी पाहिलं नाही, उतरवलेला पाहिला. मला वाईट वाटलं का, असं पुष्कळांनी पुढं विचारलं. आता माहेरची वाट मोकळी होईल, एवढंच माझ्या मनात होतं. आणि त्याच दिवाणखान्यात साहेबांकडं पाहवत नव्हतं, हेही खरं.

साहेबांची माणसं करमाडच्या बाजूच्या एका खेड्यात होती. फौजा आल्यानंतरच्या दिवसांत तिकडं काय झालं, याच्या उलटसुलट गोष्टी कानावर येत होत्या. वकिलात संपली होती, साहेब आता कुणाचेच वकील नव्हते. ते रोज कपडे करून या खात्यातून त्या खात्यात जायचे. लोक ओळखीचे होते, चांगलं बोलायचे, बसा म्हणायचे. माहिती आली की कळवू म्हणायचे. आम्ही निघालो त्या दिवशी ते आमच्या खोलीच्या दाराशी आले. मला म्हणाले, "भाभी, तुमच्या गावाची चौकशी माझ्याकडून पुरी झाली नाही." मी त्यांना त्यांच्या माणसांचं विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुढं ते कराचीला गेल्याचं कुणी सांगितलं, कुणी म्हणालं हैदराबादलाच वारले. त्यांची माणसं सापडली का, ते मला कधीच कळलं नाही.

औरंगाबादला पोचलो तेव्हा आईवडील जिवंत असल्याचं कळलं. शेवगावहून ते परत गावी आले होते. आठवडाभरात आम्ही बैलगाडीनं गेलो. खालच्या आळीत नुसत्या काळ्या भिंती होत्या. आमचं घर वरच्या अंगाला, ते वाचलं होतं, पण गोठा आणि गंजी गेल्या होत्या. आई माझ्या गळ्यात पडून रडली. आबा ओसरीवर बसले होते. यांनी वाकून नमस्कार केला. आबांनी यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. हे पाणी प्यायले. मग आबांनी विचारलं.

"जावईबापू, पेपरात आलं व्हतं, त्याचं मराठी तुम्हीच केलं व्हय?"

हे म्हणाले, "हो, मीच."

"पेपरवाल्याला मी सांगितलं व्हतं. शेवगावात."

मी दारात उभी होते. वृद्ध शेतकरी असं वाचलं होतं तेव्हा ते आबा असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढचे आबा वृद्ध नव्हते. मग यांनी सगळं सांगितलं, तारा कशा केल्या, उत्तर काय आलं, घडलं नाही असं कुणी लिहिलंच नव्हतं, मथळा पेपरवाल्यांनी केला, चौकशीचं वाक्य गाळलं गेलं. आबांनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, "चौकशीला कोण आलं मग?"

यांनी पाण्याचं रिकामं भांडं बाजूला सरकवलं. आबाच पुढं म्हणाले,

"मी तिथंच व्हतो. नदीपल्याड. कुणी आलं नाय."

एवढंच झालं. आवाज चढला नाही, आम्हाला कुणी जा म्हटलं नाही. आईनं पुरणाचा स्वयंपाक केला. आबा यांच्या पंक्तीला बसले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले.

त्यानंतरची वर्षं तशीच गेली. यांना काही दिवस कुणी कामावर घेईना, वकिलातीत होता म्हणून. नंतर कलेक्टर कचेरीत जुन्या उर्दू कागदांचं मराठी करायला माणसं हवी होती तेव्हा घेतलं. यांचं काम इतकं चोख होतं की लांबलांबचे शेतकरी यांनाच शोधत यायचे. आबांना मात्र कधी कागद वाचून घ्यायची गरज पडली नाही. आता सगळं मराठीत यायला लागलं होतं. त्यांचा आमच्यावर राग होता असंही म्हणता येत नाही. माझ्या मुलांचे त्यांनी लाड केले, बाळंतपणाला मला नेलं, धान्य पाठवलं. औरंगाबादला आले की मात्र चिकलठाण्याला लांबच्या नात्यातल्या एका घरी उतरायचे. आमच्या घरी येऊन, उंबऱ्याच्या आत बसून, जेवले असं एकदाही झालं नाही. कधी उपास असायचा, कधी गाडीची वेळ.

डोळ्यांच्या ऑपरेशनला आले तेव्हा मी चिकलठाण्याला त्यांच्याजवळ राहिले. डोळ्यांवर पट्टी होती. समोरचं दिसत नसलं की माणूस मोकळं बोलतो म्हणून मी धीर केला आणि विचारलं, "आबा, यांचा काय दोष होता?"

ते पडून होते. म्हणाले, "दोष हाय असं म्या कवा म्हणलं? तो खोटं लिवणारा नाय, मला ठावं हाय." मग पुढं म्हणाले, "पण तो पेपर आला आन् ज्यांच्या वसरीवर आमी झोपत व्हतो त्यांनी मला इचारलं, आबा, खरंच जळलं का वो? त्यांची भाकर खात व्हतो म्या. पुन्यांदा सांगावं लागलं, सालदार कसा मेला ते. सांगितलं. तरी त्यांच्या तोंडावर दिसत व्हतं. लोक मला खोटं समजले. माझ्याच घरच्या माणसाच्या मराठीनं."

मी घरी आल्यावर यांना हे सांगितलं नाही. पण यांनी विचारलं, काय म्हणाले, आणि मी डोळ्यांची पट्टी कधी सुटणार ते सांगायला लागले तसं पुन्हा विचारलं नाही. दोघांतल्या एकाची चूक सापडली असती तर त्यानं माफी मागितली असती आणि दुसऱ्यानं दिली असती, दोघेही त्याच जातीचे होते. चूक सापडत नव्हती म्हणून ते तसंच राहिलं. कारण विचारलं तर दोघांनाही सांगता आलं नसतं. सगळे मला म्हणायचे, काळ जाऊ दे, आपोआप निवळेल. काळ गेला.

आबा वारले तेव्हा आम्ही वेळेवर पोचलो. हे खांदा द्यायला पुढं झाले. कुणी अडवलं नाही, कुणी बोलावलंही नाही. परत येताना गाडीत यांनी आबांविषयी एकच गोष्ट काढली. पहिल्या भेटीत त्यांनी पुढं ठेवलेल्या कागदांत एक फार जुना, कीड लागलेला कागद होता. तो पुरता लागला नव्हता, पुढच्या खेपेला नीट वाचतो असं यांनी सांगितलं होतं. ती पुढची खेप आली नाही. मी भावाला विचारलं. त्या कागदाचं काय झालं, त्याला ठाऊक नव्हतं.

निवृत्त झाल्यावर यांनी पेपर घेणं बंद केलं. रेडिओवरच्या बातम्याही मीच लावायची आणि हे उठून अंगणात जायचे. दिल्लीच्या दिवसांवर कुणी विचारलं तर कोठी केवढी होती, हिरवळ कशी होती, थंडी कशी पडायची, एवढं सांगत. आमच्या मुलांना कितीतरी वर्षं वाटत होतं की त्यांचे वडील दिल्लीला कुठल्याशा कारखान्यात होते.

हे गेल्यानंतर नात परदेशी शिकायला निघाली. व्हिसासाठी तिला दिल्लीला जायचं होतं. एकटी कशी जाणार म्हणून मी बरोबर गेले. सगळे हसले, आजी काय सोबत करणार म्हणून. जुनी कोठी बघायची इच्छा आहे का, असं नातीनं विचारलं, पण मी नको म्हटलं. आम्ही त्या देशाच्या वकिलातीवर गेलो. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वकिलातीच वकिलाती आहेत, प्रत्येकीवर वेगळा झेंडा. नात रांगेत उभी राहिली. मला एका बाकावर बसवलं.

समोर उंच भिंत, तिच्यावरून वरच्या मजल्याच्या खिडक्या दिसत होत्या. एका खिडकीत एक माणूस टेबलाशी बसलेला होता. खाली मान घालून काहीतरी वाचत होता, मधेच पेन्सिलनं खूण करत होता. पेपरच असेल असं नाही. पण मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याचं गाव कुठलं असेल, तिथं सगळं बरं असेल का, असं मनात येत राहिलं.

नात बाहेर आली तेव्हा खूश होती, काम झालं होतं. बराच वेळ लागला, कंटाळलीस का, म्हणाली. मी नाही म्हटलं. मग आम्ही रिक्षा केली, स्टेशनजवळ जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीनं निघालो. मनमाड आलं तेव्हा ती झोपली होती. मी तिला उठवलं, सामान मोजून घेतलं आणि आम्ही औरंगाबादच्या गाडीत बसलो.